सोनोग्राफीत "भिंत जाड" आलं, पुढे काय? पित्ताशयाच्या कॅन्सरची एक केस

पहिल्या रिपोर्टमधली ओळ अगदी रोजचीच होती. पित्ताशय आक्रसलेलं, आत बरेच खडे, भिंत जाड, जुनाट सूज असावी. असे रिपोर्ट ढिगाने निघतात आणि त्यातले बहुतेक खरोखर जुनाट सुजेचेच असतात, त्यामुळे त्या ओळीवर कुणी फारसं थांबत नाही. इथेही दुर्बिणीतून ऑपरेशन करायची तारीख ठरली होती, रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, भूलवाल्या डॉक्टरांनी फिटनेस दिला होता.

पेशंट ५४ वर्षांच्या बाई. मूळच्या बिहारमधल्या सिवानकडच्या, अर्धं आयुष्य गावी काढून मग मुलाकडे ठाणे जिल्ह्यात आलेल्या. मुलगा इथेच शिकला, मराठी आपल्यासारखीच बोलतो, आईला मात्र माई म्हणतो. (ओळख लागू नये म्हणून दोन-तीन सारख्या केसेसचे तपशील इथे एकत्र केलेत.) मी रेडिओलॉजीत आहे, म्हणजे ऑपरेशन करणारी नाही, ऑपरेशनच्या आधी आत काय चाललंय ते बघून सांगणारी. पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये हे सांगणं किती पायऱ्यांनी होतं आणि प्रत्येक पायरीला नेमका प्रश्न कुठला असतो, ते या एका केसमध्ये बऱ्यापैकी सगळं येतं म्हणून सविस्तर लिहितेय.

तक्रार काय, तर उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं, जेवल्यावर जास्त, मधूनच मळमळ. गॅस झालाय म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खाणं बराच काळ चाललेलं. डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन चालू. कावीळ नाही. ऑपरेशन करणारे सर्जन तसे चौकस, त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. वजन उतरलंय का, आणि मूळ गाव कुठलं. वजनाचं माईंना काही सांगता येईना, घरी काटा नाही, पण मुलगा म्हणाला की हातातल्या काचेच्या बांगड्या हल्ली कोपरापर्यंत सरकतात, पूर्वी मनगटावर घट्ट बसायच्या. सर्जननी तिथेच तारीख पुढे ढकलली आणि सोनोग्राफी परत करायला आमच्याकडे पाठवलं.

गावाचा प्रश्न उगाच नव्हता. पित्ताशयाचा कॅन्सर आपल्या देशात सगळीकडे सारखा नाही. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, आसाम, दिल्ली हा पट्टा जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाण असलेल्या भागांत मोडतो, चिली आणि बोलिव्हियाच्या जोडीला. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत तो बराच कमी. बायकांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून जास्त. खड्यांशी संबंध जवळचा आहे, कॅन्सर झालेल्यांपैकी बहुतेकांच्या पित्ताशयात खडे सापडतातच, पण उलट बाजूने बघितलं तर खडे असलेल्यांपैकी अगदी थोड्यांनाच पुढे कॅन्सर होतो, तेव्हा खडे आहेत म्हणून कुणी रात्रीची झोप घालवू नये. टायफॉइडचे जंतू पित्ताशयात वर्षानुवर्षं ठाण मांडून राहणं हेही एक कारण धरलं जातं. तर ५४ वर्षांची बाई, गंगेच्या पट्ट्यातली, जुने खडे, वजन उतरलेलं, आणि रिपोर्टात जाड भिंत. एकेक वेगळं घेतलं तर काहीच नाही, एकत्र धरलं की थांबायलाच हवं.

आता सोनोग्राफी परत म्हणजे नुसती परत नाही. पहिल्या वेळी माई सकाळी थोडं खाऊन गेल्या होत्या. खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं आणि आकसलेल्या पित्ताशयाची भिंत तशीही जाडच दिसते. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता या असं सांगितलं. उपाशीपोटी भरलेल्या पित्ताशयाची भिंत तीन मिलिमीटरपर्यंत नॉर्मल धरतात. त्याहून जाड असली तरी लगेच कॅन्सर नाही. डेंग्यूत भिंत सुजते (पावसाळ्यात आम्ही हे रोज बघतो), कावीळ झालेल्या लिव्हरमध्ये, हार्ट फेल्युअरमध्ये, प्रोटीन कमी झालं तरी सुजते, पण ती सूज सगळीकडून सारखी असते आणि भिंतीचे पदर वेगवेगळे ओळखू येतात. बघायचं असतं ते हे की जाडी एकाच जागी आहे का, आणि तिथले पदर पुसले गेलेत का.

खड्यांची एक पंचाईत अशी की पित्ताशय खड्यांनी भरलं असेल तर पुढची भिंत दिसते, मग खड्याची चकाकी, आणि तिच्यामागे नुसती काळी सावली. मागची भिंत त्या सावलीत गायब. माईंना डाव्या कुशीवर वळवलं, श्वास भरून धरायला सांगितला, खडे सरकले आणि मग पित्ताशयाचं टोक नीट दिसलं. ते टोक पोटाच्या पुढच्या कातडीच्या अगदी जवळ असतं, म्हणून नेहमीचा वक्र प्रोब ठेवून तिथे गळ्याच्या किंवा थायरॉइडच्या सोनोग्राफीला वापरतो तो चपटा, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लावला. ही युक्ती फुकटची आहे, मिनिटभराची आहे, आणि तरी कितीतरी ठिकाणी केली जात नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. त्या प्रोबखाली दिसलं ते असं: टोकाशी लिव्हरच्या बाजूची भिंत एकाच जागी ११ मिलिमीटर जाड, पदर नाहीत, वेडीवाकडी, डॉपलरमध्ये आत रक्तपुरवठा, आणि लिव्हर नि पित्ताशय यांच्यामधली पांढरी रेष तिथे तुटलेली.

जाड भिंतीला किती घाबरायचं याची एक पद्धतशीर प्रतवारी आहे, जीबी-रॅड्स. चंदीगडच्या पीजीआयमधल्या रेडिओलॉजिस्टच्या पुढाकाराने, वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ घेऊन २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. शून्य ते पाच. शून्य म्हणजे नीट दिसलंच नाही, एक नॉर्मल, दोन साधं, तीन सांगता येत नाही, चारला कॅन्सरची शक्यता दाट आणि पाचला फारच दाट. मला यातला शून्य सगळ्यात आवडतो, कारण "नीट दिसलं नाही" असं कागदावर लिहायची आपल्याकडे कुणाची तयारी नसते. माईंची सोनोग्राफी पाचमध्ये गेली. रिपोर्ट टाईप व्हायच्या आधी सर्जनना फोन केला.

फोनची घाई अशासाठी की इथे क्रम चुकला तर तो नंतर सुधारता येत नाही. कॅन्सर आहे हे माहीत नसताना दुर्बिणीने नेहमीसारखं पित्ताशय सोडवलं, तर सर्जन पित्ताशय आणि लिव्हर यांच्यामधल्या पदरातून जातो. आणि पित्ताशयाची रचना अशी आहे की लिव्हरच्या बाजूला त्याला बाहेरचं आवरणच नसतं, भिंत पातळ, स्नायूचा एकच थर, तिथल्या बारीक शिरा थेट लिव्हरमध्ये, मुख्यतः चार-बी आणि पाच नंबरच्या भागात (लिव्हरचे असे नंबर दिलेले भाग धरतात) उघडतात. म्हणजे कॅन्सर ज्या वाटेने पसरतो नेमक्या त्याच वाटेवरून कात्री चालते. वर पित्त सांडलं तर पेशी पोटभर, आणि दुर्बिणीच्या भोकांतसुद्धा. शिवाय छोट्या ठिकाणी काढलेलं पित्ताशय कधीकधी तपासणीला पाठवतच नाहीत, खडे काढून एका डबीत भरून नातेवाइकांच्या हातात देतात आणि पिशवी कचऱ्यात. तीन-चार महिन्यांनी कावीळ घेऊन पेशंट परत येतो तेव्हा कुणाकडे काहीच पुरावा नसतो.

पुढचा टप्पा सीटी. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलं, ठीक होतं, कॉन्ट्रास्टला, म्हणजे स्कॅनमध्ये चमकणाऱ्या औषधाला, हरकत नव्हती. इथे सेंटरवाल्यांना एक सांगावंसं वाटतं, की रेफरल चिठ्ठीवर "पोटाचा सीटी" एवढंच असेल तर फोन करून विचारा काय शोधायचंय. पित्ताशयाचा कॅन्सर शोधायचा तर प्यायला साधं पाणी द्यायचं, म्हणजे जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) फुगतात आणि त्यांची भिंत वेगळी दिसते. पांढरं कॉन्ट्रास्ट पाजलं तर चकाकीत सगळं झाकोळतं. रोहिणीची फेज घ्यायची, म्हणजे कॉन्ट्रास्ट रोहिण्यांत असतानाची चित्रं, मग साधारण सत्तराव्या सेकंदाला पोर्टल व्हेनची, म्हणजे आतड्याकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेची फेज. आणि एक मिलिमीटरचे पातळ काप, म्हणजे उभे-आडवे हवे तसे चित्र नंतर जुळवता येते. जाड कापांवर या केसचा निम्मा निर्णय झालाच नसता.

सीटीत गाठ ३.४ सेंटिमीटर, टोकापासून मध्यापर्यंत, लिव्हरमध्ये साधारण एक सेंटिमीटर शिरलेली, चार-बी आणि पाचच्या सीमेवर. "आहे का" हा प्रश्न इथे संपला. सर्जनला आता हवी असतात ती वेगळी उत्तरं, आणि मी रिपोर्ट त्याच क्रमाने लिहिते, कारण तो वाचणारा माणूस कात्री कुठून घालायची याचा विचार करत वाचत असतो.

लिव्हरच्या मुळाशी, जिथे पित्तनळी, रोहिणी आणि पोर्टल व्हेन आत शिरतात, तिथे गाठ पोचलीय का? माईंची गाठ टोकाकडची, पित्ताशयाच्या मानेपासून (जिथून नळी निघते) लांब, त्यामुळे तिथे मोकळं होतं. गाठ मानेशी असती तर चित्रच वेगळं, कावीळ लवकर आणि ऑपरेशन कितीतरी मोठं. मुख्य पोर्टल व्हेन किंवा मुख्य हिपॅटिक आर्टरीला (लिव्हरच्या रोहिणीला) वेढा असेल तर ते टी४ (टी म्हणजे मूळ गाठीची पायरी, चार सगळ्यात वरची), बहुतेक वेळा ऑपरेशनच्या पलीकडचं.

उजवी हिपॅटिक आर्टरी कुठून येतेय? ही नेहमीच्या जागेऐवजी आतड्याला जाणाऱ्या वरच्या रोहिणीतून (सुपीरियर मेसेंटेरिक) निघालेली सापडली. असं बऱ्याच जणांत असतं, आजार नाही, पण अशी रोहिणी पोर्टल व्हेनच्या मागून, पित्तनळीच्या उजव्या अंगाने वर चढते, म्हणजे ज्या लसीका गाठी काढायच्या असतात त्यांच्या बरोबर मधून. आधी माहीत असलं तर सर्जन तिला आधी शोधून बाजूला घेतो. माहीत नसलं तर ती रोहिणी लसीका गाठ समजून बांधली जाऊ शकते. रिपोर्टातली ही एक ओळ, कॅन्सरशी काहीही संबंध नसलेली, ऑपरेशन टेबलावर सगळ्यात कामाची ठरली.

मग शेजारी. मोठ्या आतड्याचं वळण पित्ताशयाच्या टोकाला टेकलेलंच असतं. आडव्या कापात दोघांमधली चरबीची रेष दिसत होती, उभ्या कापात साधारण दीड सेंटिमीटरवर ती नव्हती. चरबीची रेष नाही म्हणजे कॅन्सर आतड्यात शिरलाच असं नाही, सुजेनेही चिकटतं. पण शिरला नसेल असंही म्हणता येत नाही. मी "शिरकावाची शंका, आतड्याच्या आतल्या थरात बदल नाही" असं लिहिलं. हे वाक्य गुळमुळीत वाटतं खरं, पण सर्जनला त्यातून समजतं की आतडं साफ करून ठेवायचं, कन्सेंटमध्ये आतड्याचा तुकडा काढायचं लिहून घ्यायचं आणि घरच्यांना आधीच सांगायचं. मुलाने विचारलं, "मॅडम, म्हणजे माईला पिशवी लावणार का पोटाला?" शौचाची पिशवी लागायची शक्यता कमी आहे पण आहे, हे त्याला ऑपरेशनच्या आधी, खुर्चीत बसून ऐकायला मिळालं. ऑपरेशन चालू असताना दाराबाहेर कुणीतरी घाईघाईत सही मागायला येणं आणि हे, यात फार फरक आहे.

शेवटी लसीका गाठी, ज्यांना आम्ही सगळेच नोड्स म्हणतो. पित्तनळीच्या बाजूला एक १३ मिलिमीटरची, गोल, मधे काळपट. ही कॅन्सरची, याबद्दल फारसा वाद नव्हता, आणि ती काढायच्या टप्प्यातच होती. खरी डोकेदुखी दुसरी. महाधमनी आणि मोठी शीर यांच्या मधल्या फटीत एक ९ मिलिमीटरची, लांबट. इथल्या गाठीत कॅन्सर असेल तर तो लांब पसरलेला धरतात, चौथी स्टेज, मोठ्या ऑपरेशनने आयुष्य वाढत नाही. म्हणजे ९ मिलिमीटरच्या एका दाण्यावर सगळं अडलं. आकारावरून सांगावं तर सांगता येत नाही, एक सेंटिमीटरचा नियम सगळ्यांना पाठ असतो पण लहान गाठीत कॅन्सर असतो आणि मोठी नुसती सुजलेली असते, हे रोजचंच आहे.

एमआरआय आणि एमआरसीपी (एमआरआयनेच काढलेलं पित्तनळ्यांचं चित्र) पण करून घेतलं, पित्तनळ्यांसाठी. त्यात नवं फार निघालं नाही, नळ्या मोकळ्या, लिव्हरमध्ये दुसरीकडे कुठे डाग नाही, डिफ्यूजन नावाच्या एमआरआयच्या चित्रांत गाठ चमकली. मात्र कावीळ असलेल्यांसाठी इथे एक गोष्ट आवर्जून लिहिते, कारण ती वारंवार उलटी होते. कावीळ दिसली की घाबरून आधी स्टेंट (पित्त वाहून जावं म्हणून पित्तनळीत घालायची बारीक नळी) घालतात आणि मग स्कॅनला पाठवतात. स्टेंट गेला की नळी रिकामी होऊन बसते, अडथळा कुठून कुठपर्यंत ते कळत नाही, भिंतीला सूज येते आणि ती सूज कॅन्सरसारखी दिसते. ताप-थंडी वाजून येऊन जीवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पित्त आधी उतरवावंच लागतं. नाहीतर स्कॅन आधी, नळी नंतर, आणि नळी कुठल्या बाजूला घालायची तेही ऑपरेशन करणाऱ्याला विचारून.

पेट स्कॅनची गंमत झाली. सकाळी शुगर मोजली तर २३०. उपाशी आहेत ना? हो, उपाशीच. खोदून विचारल्यावर माई म्हणाल्या की खाल्लं काहीच नाही, चहा तेवढा घेतला, आणि चहात साखर नसेल तर तो चहा कसला. पेटमध्ये शिरेतून जे औषध देतात ते किरणोत्सारी ग्लुकोजच असतं, कॅन्सरच्या पेशी ते भराभर ओढून घेतात म्हणून चमकतात. रक्तात आधीच साखर भरपूर असेल तर दोघांची स्पर्धा लागते आणि चित्र फिकं येतं. परत तारीख दिली. त्या निमित्ताने मेटफॉर्मिनचंही लक्षात आलं, ते चालू होतं. मेटफॉर्मिनमुळे आतडं पेटमध्ये लखलखतं, आणि आमचा एक मुख्य प्रश्न आतड्याचाच होता. फिजिशियनना विचारून ते दोन दिवस बंद ठेवलं, त्या काळात शुगर त्यांनी दुसऱ्या पद्धतीने सांभाळली, मग स्कॅन केला.

पेटमध्ये पित्ताशयाची गाठ चमकली, पित्तनळीजवळची १३ मिलिमीटरची चमकली, आतड्याच्या त्या चिकटलेल्या जागी किंचित, आणि मधल्या फटीतल्या ९ मिलिमीटरच्या दाण्यात अगदी सौम्य. जोडीला छातीत श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच, चुन्याचे ठिपके असलेल्या गाठी. या शेवटच्याने मुलगा हादरला, त्याने रिपोर्ट गूगल केला होता, छातीत गाठी चमकल्या म्हणजे कॅन्सर छातीत. आपल्याकडे दोन्हीकडे सारख्या, चुना साठलेल्या छातीतल्या गाठी म्हणजे बहुतेक वेळा जुन्या टीबीची किंवा तसल्याच कुठल्या तरी जुन्या संसर्गाची खूण. जिथून स्कॅनची बरीचशी पुस्तकं येतात तिथे टीबी एवढा नाही, त्यामुळे वाचणाऱ्याने हे स्वतः लक्षात ठेवावं लागतं. पेटला सूज आणि कॅन्सर यातला फरक नीट कळत नाही हे त्याचं मूळचं दुखणं आहे, आणि पोटाच्या पडद्यावरचे ज्वारीच्या दाण्याएवढे डाग त्याला दिसत नाहीत हे दुसरं.

ट्यूमर बोर्डात सर्जन, मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट आणि मी. पहिला प्रश्न नेहमीसारखा: सुई घालून तुकडा तपासलाय का? नाही, आणि मुद्दाम नाही. ऑपरेशनने काढता येण्यासारखी गाठ असेल तर सुई घालायची नसते, सुईच्या वाटेवर पेशी सांडायची भीती असते आणि निकाल काहीही आला तरी ऑपरेशन टळत नाही. केमो आधी द्यायची ठरली तर मात्र तुकडा लागतोच, निदानाशिवाय केमो नाही. इथे तरुण मेडिकल ऑन्कोलॉजिस्टने मुद्दा मांडला की लिव्हर, आतडं, नोड असं तिन्ही आहे, तर आधी केमो का नको? प्रश्न रास्त होता. टाटा मेमोरियलची पोलकॅग-बी नावाची ट्रायल याच प्रश्नाच्या जवळची आहे, स्थानिक पातळीवर वाढलेल्या केसेसमध्ये ऑपरेशनआधी नुसती केमो की केमोसोबत रेडिएशनही. पण माईंची लिव्हरमधली खोली कमी, मुळाशी मोकळं, रोहिण्या मोकळ्या, त्यामुळे बोर्डाचं वजन ऑपरेशनच्या बाजूला गेलं, अट एकच, पोट उघडायच्या आधी दुर्बीण घालून बघायचं आणि तो ९ मिलिमीटरचा दाणा आधी काढून तिथल्या तिथे तपासायचा.

आधी दुर्बीण घालून बघायची ही साधी वाटणारी पायरी फार मोलाची आहे. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत हॉस्पिटलमधून २०१३ साली ४०९ पेशंटचा अभ्यास आला होता. स्कॅनमध्ये ऑपरेशनजोगे वाटलेल्या पेशंटमध्ये आधी दुर्बीण घातली तर साधारण २३ टक्के जणांच्या पोटात पसरलेला कॅन्सर सापडला. म्हणजे आमचे सगळे महागडे स्कॅन होऊनही चारात एकाचं पोट विनाकारण उघडलं गेलं असतं. मी रेडिओलॉजिस्ट असून हा आकडा प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकांना सांगते, कारण स्कॅन क्लिअर म्हणजे पोट क्लिअर असा समज फार पक्का असतो.

बोर्डात एक शंका मीही टाकली होती, हे कॅन्सरच्या वेषातलं काही दुसरं तर नाही? झॅन्थोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस नावाचा एक सुजेचा प्रकार आहे, नाव भारी पण साधी सूज, भिंत जाड करतो, लिव्हरला चिकटतो, पेटमध्ये चमकतो, नोड्सही वाढवतो, अगदी हुबेहूब. त्यात भिंतीच्या आत काळपट ठिपके दिसतात आणि आतल्या अस्तराची रेष सहसा अखंड राहते, जाडीही बहुधा सगळीकडून असते. माईंच्या सीटीत जाडी एका जागी आणि अस्तराची रेष तुटलेली, म्हणून पारडं कॅन्सरकडे. तरी स्कॅनवर शंभर टक्के कुणी सांगू नये. म्हणून टेबलावर फ्रोझन सेक्शनची (तुकडा गोठवून ऑपरेशन चालू असतानाच तपासायची) सोय ठेवली, पॅथॉलॉजिस्ट त्या दिवशी सकाळपासून तयार.

ऑपरेशनच्या दिवशी दुर्बिणीत पोटाचा पडदा स्वच्छ, लिव्हरच्या पृष्ठभागावर काही नाही. पोट उघडल्यावर मधल्या फटीतला दाणा काढला, फ्रोझनमध्ये नुसती सूज. पित्ताशयाच्या भिंतीच्या फ्रोझनमध्ये कॅन्सर पक्का झाला, तोही गाठ न उघडता, बाजूने. मग पित्ताशय, लिव्हरचा चार-बी आणि पाचचा भाग आणि चिकटलेल्या आतड्याचा तुकडा असं एकसंध काढलं, आतडं तिथेच जोडलं, पोटाला पिशवी लागली नाही. चिकटलेलं सोडवून बघू असा मोह सर्जनला होऊ शकतो, सोडवताना कॅन्सर फाटला तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून एकसंधच. ती वेगळी रोहिणी त्यांनी पहिल्यांदा शोधून निळ्या धाग्यात धरली होती, नोड्स काढताना ती खरोखरच वाटेत आली.

पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट आणि आमचे स्कॅन शेजारी ठेवून बघणं हा माझ्या मते सगळ्यात शिकवणारा भाग, दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी तो होतच नाही, रेडिओलॉजिस्टपर्यंत पॅथॉलॉजी पोचतच नाही. अॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींतून उठणारा कॅन्सर), लिव्हरमध्ये ८ मिलिमीटर, कापलेल्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या. लिव्हरची खोली सीटीने जवळजवळ बरोबर सांगितली होती. आतड्यात कॅन्सर नव्हता, सुजेचं चिकटणं होतं, पेटमधली किंचित चमकही त्याचीच. एकूण ९ नोड्स, त्यात दोन कॅन्सरचे. एक तो १३ मिलिमीटरचा. दुसरा पित्ताशयाच्या नळीजवळचा ६ मिलिमीटरचा, जो सीटीत, एमआरआयत, पेटमध्ये तिन्हीकडे नॉर्मल दिसत होता आणि आज परत उघडून बघितला तरी नॉर्मलच दिसतो. यासाठीच सर्जन नोड्स बघून वेचत नाहीत, त्या भागातले सगळे काढतात, निदान सहा तरी तपासायला हवेत असा नियम आहे. टी३ एन१ (एन१ म्हणजे जवळच्या नोड्समध्ये पोचलेला), स्टेज तीन-बी.

घरच्यांना हे कसं सांगितलं, तर जसं आहे तसं. मुलगा म्हणाला, "आतड्यात नव्हतंच तर आतडं उगाच कापलं का?" सर्जननी त्याला सीटीची ती उभी चित्रं स्क्रीनवर दाखवली, रेष इथे आहे, इथे नाही, बाहेरून दोन्ही शक्यता सारख्याच दिसतात. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही, पण त्याने मान हलवली आणि पुढचं विचारलं, केमो कधी. जखम भरल्यावर कॅपेसिटॅबिन गोळ्या सुरू झाल्या, साधारण सहा महिन्यांचा कोर्स. या गोळ्यांमागे बिलकॅप नावाची ब्रिटिश ट्रायल आहे, २०१९ साली छापून आलेली.

ऑपरेशननंतरचा पहिला सीटी आम्ही मुद्दाम पुढच्या सगळ्या तुलनेसाठी ठेवला. लिव्हर कापलेल्या जागी पाण्याचा थोडा साठा, क्लिप्सची चकाकी, ओढून आणलेली चरबी. हे सगळं पुढे कुणी नवीन डॉक्टरने पहिल्यांदा बघितलं तर कॅन्सर परत आला असं सहज वाटू शकतं, विशेषतः पेट लवकर केला तर, कारण जखम भरतानाही चमकते. त्यामुळे मुलाला सांगितलं की नुसते कागद ठेवू नकोस, सीडी ठेव, आणि दुसऱ्या शहरात स्कॅन केलास तर जुनी सीडी तिथल्या रेडिओलॉजिस्टच्या हातात दे. सिवानला गेल्यावर तिकडे स्कॅन झाला तेव्हा त्याने ती नेली होती. साठा आधीपेक्षा लहान झालाय, नोड्सच्या जागी नवं काही नाही, सीए १९-९ (या कॅन्सरवर लक्ष ठेवायला करतात ती रक्ततपासणी) नॉर्मल. पुढचा स्कॅन परत इकडे, पाणी पाजून, पातळ कापांचा.